पसारामामांचा दिवस

आमचे सासरे रोज सकाळी चहाची बशी हातात घेऊन ओट्यावर यायचे आणि सबंध तांबट आळीला ऐकू जाईल अशा आवाजात आजची कामं जाहीर करायचे. "आज दोन हंडे पुरे करायचे. बंबाला बूड बसवायचं. त्र्यंबकच्या गुरुजींची तपेली. घागरींचे गळे. दुपारी पूजेची पंचपात्रं, आणि ऊन उतरलं की आमच्या यमूचं घंगाळ." एवढं झालं की बशीतला चहा फुर्रकन ओढायचा, मिशी पुसायची आणि दिवस जिंकल्यासारखं आत जायचं. आळीतली माणसं राखुंडीनं दात घासता घासता ऐकत आणि एकमेकांकडे बघून हसत. कारण संध्याकाळी यातलं एकही काम झालेलं नसणार हे कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं. आळीनं त्यांचं नाव पसारामामा ठेवलं होतं. मी ते नाव तोंडावर कधी घेतलं नाही. मनात मात्र दुसरं घेतलं नाही.

मी कोण ते सांगून टाकतो. मी सिन्नरचा. शाळेत मास्तरांनी कान धरला तेव्हा मी कान सोडवून घेतला आणि त्याबरोबर शाळाही सोडली. त्याचं मला आजवर वाईट वाटलेलं नाही. आईबाप लवकर गेले. नाशकाला आलो, हातोडी धरली, पसारामामांच्या थोरल्या मुलीशी, गोदीशी, लग्न झालं आणि त्यांच्याच कारखान्यात बसू लागलो. घरजावई म्हणायचं काम नाही. मी शेजारच्या गल्लीत माझं वेगळं बिऱ्हाड केलं होतं. ज्यांनी ज्यांनी तो शब्द वापरला त्यांच्याशी मी बोलणं टाकलं, आणि त्यातले बरेचसे मरेपर्यंत मी ते पाळलं.

मला अर्धवट भांड्याची शिसारी आहे. पुरं भांडं पाणी धरतं, फुटकं भांडं निदान मोडीत घालता येतं. अर्धवट भांडं म्हणजे नुसती घाण. मामांच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नसायची. दिवसभरात करायच्या प्रत्येक कामाचा पत्रा ते सकाळीच माळ्यावरून खाली काढून मांडत. मग या पत्र्याला चार ठोके, त्या हंड्याला दोन, बंबाचं तोंड जरासं वळवून बघ, असं करत संध्याकाळ व्हायची. ही बिनगळ्याची, बिनबुडाची भांडी महिनोन्‌महिने पडून राहत. एकात मामांची चुन्याची डबी. एकात विझवलेल्या विड्यांची थोटकं. एकात कधीतरी ठेवलेली अर्धी भाकरी, आणि तिला लागलेल्या मुंग्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. एका घागरीत मला मेलेली पाल सापडली. मामांना दाखवली तर म्हणाले, "असू दे, त्या घागरीचं काम परवा निघायचंय." मी ती पाल फेकली, घागर चिंचेनं घासली आणि त्या दिवशी जेवलो नाही.

आणि हा पसाराही कसा, तर त्याला शिस्त! पत्रे कुठंही टाकायचे नाहीत. एक ढीग दाराकडं, एक ढीग भिंतीकडं, मधून भट्टीपर्यंत एक माणूस जाईल एवढी वाट. भिंतीकडच्या ढिगात मोठी कामं, दाराकडं बारीक. मी एकदा वाट मोकळी व्हावी म्हणून दोन्ही ढीग एकावर एक रचले, तर मामा अंगावर आले. "ढिगाला हात लावायचा नाही, जावईबापू. ज्याचं त्याला राहू द्यावं." मी म्हटलं, कोणाचं कोणाला? सगळं तर तुमचंच. ते ढीग पुन्हा वेगळे करत बसले. म्हाताऱ्याचा चक्रमपणा म्हणून मी सोडून दिलं.

त्यांची एक म्हण होती. "दिवस पोत्यासारखा असतो. ठासलं की मावतं." हे ते कोणालाही ऐकवत. समोर कासमचाचा कल्हईवाले बसत. आमची स्वयंपाकाची भांडी तयार झाली की आतून कल्हई करायचं काम त्यांचं. मामांनी सकाळी कामं जाहीर केली की बिचारे भट्टी पेटवून, भाता ओढत, समोर बघत बसत. दुपार झाली की त्यांची हाक यायची, "क्या मामू, आज भी भट्टी ठंडी? कोळसा मी जाळायचा आणि हवा तुम्ही खायची?"

"येतंय, येतंय, कासम. दिवस पोत्यासारखा असतो."

"पोतं फाटलंय मामू. पहिलं ते शिवा, मग ठासा."

मामा मनापासून हसत. हीच तर चीड होती. माणूस खोटं बोलणारा असता, आळशी असता, तर मला सोपं गेलं असतं. मामा उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत खरोखर राबत. घामानं सदरा अंगाला चिकटायचा, तंबाखूची पिंक मारायलाही उठत नसत. ती जवळच्या अर्धवट भांड्यात जायची. एवढं राबून शेवटी हातात काय, तर पाच ठिकाणी पाच ठोके. राबून फुकट जाणारा माणूस बघणं हे चोर बघण्यापेक्षा वाईट. चोराला निदान काहीतरी मिळतं.

त्र्यंबकचे ते गुरुजी तपेलीसाठी किती खेपा घालत होते त्यांचं त्यांना माहीत. दर वेळी टांग्यानं यायचे, धुळीनं पांढरे होऊन. मामा त्यांचं स्वागत करत, बसायला पाट देत, मला सांगत, "जावईबापू, गुरुजींना चहा." मी चहा आणत नसे, गोदीला सांगत असे. मग मामा ढिगातून एक सपाट गोल पत्रा काढून गुरुजींच्या हातात देत. "ही बघा तुमची तपेली. नुसती ठोकायची राहिलीय."

गुरुजी पत्रा उलटासुलटा करून म्हणाले, "म्हणजे सगळीच राहिलीय."

"तसं नव्हे. पत्रा बघा कसा आहे! डोळ्यांसमोर तपेली उभी राहते की नाही?"

"डोळ्यांसमोर राहते हो. चुलीवर राहत नाही."

शेवटी त्यांनी बाजारातून जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, पातेलं घेतलं. तेव्हा ती हलकी, पांढरट, तकलादू भांडी नुकती येऊ लागली होती आणि आम्हा तांबटांना त्यांची घृणा होती. नैवेद्याचा भात जर्मनमध्ये शिजणार हे ऐकून मी हातोडी आपटली. मामा फक्त म्हणाले, "थांबले असते तर उद्या झाली असती."

आता मठाराचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तांब्याचं भांडं घडवलं की ते ओबडधोबड असतं. मग बारीक हातोडीनं त्यावर टिकली टिकलीसारखे ठसे उमटवत जायचं, ओळीनं, गोल फेरानं. त्याला मठार म्हणतात. त्यानं भांडं कडक होतं आणि चकाकतं. पण एकदा फेर सुरू केला की तो मिटेपर्यंत उठायचं नाही. उठलात, पाणी प्यालात, दुसऱ्या कामाला चार ठोके देऊन आलात, की हात बदलतो. डोळ्याला दिसणार नाही, पण अंगठा फिरवला की फेर तुटलेली जागा लागते. ज्याला आपल्या दिवसाचा अंदाज नाही त्याच्या भांड्यावर तो दिवस तुटलेला दिसतो. तांबं चहाडी करतं.

आमच्यात रीत अशी, की मुलगी सासरी जाताना तिच्याबरोबर आंघोळीचं घंगाळ जायचं आणि त्याचा मठार बापाच्या हातचा असायचा. आकार कोणी का देईना, मठार एकट्या बापाचा. सासरची म्हातारी माणसं घंगाळावर अंगठा फिरवून बघत. दोन हातांचा मठार लागला तर समजायचं, पोरीला बाप नाही; काम मध्येच टाकून तो गेला आणि दुसऱ्यानं पुरं केलं. असं घंगाळ घेऊन येणाऱ्या मुलीला लोक जरा हळू आवाजात बोलावत. गोदीचं घंगाळ मामांनी ती लहान असतानाच चोख करून ठेवलं होतं, पण तो काळ वेगळा होता. आता पाळी यमूची होती. यमू धाकटी, शेंडेफळ. तिचं देवळ्याला जमलं होतं, कांद्याच्या बाजाराच्या दिवशी तांब्यापितळेची भांडी विकणाऱ्या घरात. म्हणजे घरात सगळे अंगठेवाले.

आणि घंगाळ पडलं होतं भिंतीकडच्या ढिगात. रोज सकाळी त्याचं नाव जाहीर व्हायचं, शेवटचं. रोज ऊन उतरलं की मामा ते पुढं ओढायचे, अर्धा फेर मारायचे, मग त्यांना बंबाचं तोंड आठवायचं. फेर तुटायचा. तुटलेला फेर घासून काढायचा, पुन्हा अर्धा मारायचा, पुन्हा तुटायचा. यमू दळण आटोपून दारात येऊन बघायची आणि परत जायची. एकदा मी तिला भट्टीमागं डोळे पुसताना पाहिलं. "धूर लागला, दाजी," म्हणाली. भट्टी त्या वेळी पेटलेलीसुद्धा नव्हती.

लग्न आठवड्यावर आलं. त्या सकाळी मी कारखान्यात शिरलो तेव्हा मामा ओट्यावर नेहमीचं कीर्तन करत होते. मी घंगाळ बघायला भिंतीकडं गेलो. घंगाळात तंबाखूची पिंक होती. ताजी नव्हे, वाळून काळी पडलेली. त्यात चुन्याचा बोळा चिकटलेला आणि भोवती माश्या. पोरगी या भांड्यातल्या पाण्यानं सासरी पहिली आंघोळ करणार होती! मी ते घंगाळ उचललं, बाहेर नेलं आणि सगळ्या आळीसमोर रस्त्यात पालथं घातलं. असा आवाज झाला की कासमचाचांचा भाता थांबला.

मामा बशी घेऊन तसेच उभे. "हे काय, जावईबापू?"

"तुमची पिंकदाणी. धुवायला काढलीय."

"पडली असेल चुकून. संध्याकाळी मी—"

"संध्याकाळी नाही! द्या इकडं, मी मठारतो. आजच्या आज पुरं करतो."

आतून यमू धावत आली. तिनं घंगाळावर आडवा हात ठेवला. "नको दाजी! अप्पा जिवंत आहेत अजून."

मी रागानं आत गेलो, दोन्ही ढिगांतले पत्रे मधल्या वाटेत ओढले, खणखणाट करत. "मग मला एक सांगा. हे एवढं एका दिवसात कोण करणार आहे? कोण माईचा लाल?"

मामांना प्रश्नच कळेना. "का? व्हायचं की."

"कधी? कोणी केलंय?"

"आम्ही. मी आणि तात्यानं. एवढंच काम, दिवे लागायच्या आत. आणि वर गंगेवर पोहून यायचो. विचारा कासमला."

तात्या म्हणजे मामांचा धाकटा भाऊ. मी नाशकाला येण्याच्या कितीतरी आधी साथीत गेलेला. मी त्याला पाहिलेलंही नव्हतं. मी कासमचाचांकडं बघितलं. ते उठून रस्त्यात आले होते.

"करायचे," ते म्हणाले. "खुदा की कसम, करायचे. दोघं समोरासमोर बसायचे. माझी भट्टी विझायची नाही." मग मामांकडं वळून म्हणाले, "पण मामू... तात्या?"

मामांनी हातातली बशी खाली ठेवली. मी त्या विस्कटलेल्या ढिगांकडं बघत राहिलो आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दाराकडचा ढीग मामांचा. भिंतीकडचा तात्यांचा; त्यांचा दंड मोठा म्हणून मोठी कामं त्यांच्याकडं. ज्याचं त्याला राहू द्यावं. इतकी वर्षं हा माणूस रोज सकाळी दोन माणसांचा दिवस मांडत होता आणि एकटा तो ठोकत होता. अंदाज चुकलेला नव्हता. माणूस एक कमी झाला होता, आणि ते त्यानं हिशेबात धरलंच नव्हतं.

पण मग मला दुसरंच काहीतरी टोचलं. "आणि मी?" मी विचारलं. "मी समोर बसून इतकी वर्षं काय करतोय? माश्या मारतोय?"

"तुम्ही जावई," मामा अगदी आदरानं म्हणाले. "जावयाला काम कोण नेमून देतं? तुम्ही आपलं हौसेनं करता."

हौसेनं! माझ्या हाताला घट्टे पडले, कान अर्धे बहिरे झाले, ते हौसेनं! रस्त्यात कोणीतरी फिसकन हसलं. मी तिथून निघूनच जाणार होतो, सिन्नरपर्यंत. पण तेवढ्यात यमू पुढं आली. तिनं वाटेतले पत्रे वेगळे केले. कोणता कोणत्या ढिगातला हे तिला विचारावं लागलं नाही. भिंतीकडचे सगळे उचलून तिनं शिडीवरून माळ्यावर चढवायला सुरुवात केली.

"यमे, ठेव ते खाली."

"काका आला की खाली काढू, अप्पा."

एवढंच म्हणाली ती. मी आजवर बऱ्याच मारामाऱ्या पाहिल्यात, पण असा नेमका घाव पाहिला नाही. शेवटचा पत्रा वर जाईपर्यंत मामा तिच्याकडं बघत होते. मग उरलेल्या, स्वतःच्या ढिगाकडं वळले. एकेक पत्रा उचलायचा आणि बाजूला ठेवायचा, जणू अंगावरचा एकेक दागिना उतरवतायत.

"ही घागर तरी असू दे."

"मामू, बाजूला," कासमचाचा म्हणाले.

"पंचपात्रं बारीक काम आहे, मध्येच होईल."

"बाजूला."

शेवटी समोर उरलं ते रस्त्यातलं पालथं घंगाळ. मामांनी ते स्वतः उचललं, नळावर नेलं आणि चिंच लावून आतून बाहेरून घासलं. मी हात लावला नाही. लावायचाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा बशी घेऊन ओट्यावर आले. आळी तोंडात राखुंडी धरून वाट बघत होती. मामा म्हणाले, "आज घंगाळाचा गळा." आणि वळले.

"आणि?" पलीकडून कोणीतरी ओरडलं.

"आणि काय? जेवण."

त्या दिवशी त्यांनी खरंच जुने तुटलेले फेर घासून काढले आणि गळ्याचा मठार धरला. एकदा बसले ते फेर मिटल्याशिवाय उठले नाहीत. टिक टिक टिक, एकसारखी. माझे कान वाईट असले तरी तांब्याचा सूर मला कळतो. एकही ठोका वर-खाली नव्हता. ऊन उतरायच्या आधीच गळा झाला. आणि मग पंचाईत सुरू झाली. मामांना रिकामं बसता येईना. ते माळ्याकडं बघत, उठत, बसत, मांड्या खाजवत, रस्त्यावर थुंकत. खरं सांगतो, रिकामे बसलेले मामा त्यांच्या पसाऱ्यापेक्षाही बघवत नसत.

"अजून उजेड आहे हो. एखादी घागर—"

"उद्या," मी म्हणायचो. मी शिडीच उचलून बाहेर उभी केली होती.

त्या रिकाम्या वेळात ते तात्यांबद्दल बोलू लागले. इतकी वर्षं त्यांच्या तोंडून मी ते नाव क्वचितच ऐकलं होतं. तात्या शीळ घालत ठोकायचा. तात्याला कारल्याची भाजी आवडायची, हे ऐकून मला त्या न पाहिलेल्या माणसाचाही वीट आला. साथीत तात्या पडला त्या सकाळीसुद्धा त्याच्या वाट्याचे पत्रे भिंतीकडं मांडलेले होते. ते कोणी उचललेच नाहीत. एका संध्याकाळी मामा हातातल्या कातरलेल्या तुकड्यावर सहज हातोडी मारत बसले होते. तो तुकडा पसरत पसरत पानासारखा झाला तेव्हा त्यांनी तो माझ्यापुढं धरला.

"दिवस पोत्यासारखा नसतो, जावईबापू. तांब्यासारखा असतो. ठोकला तर वाढतो. पण पातळ होतो. मग बोटानं दाबलं तरी पोचा."

मी म्हटलं, "हे मला पहिल्या दिवशी माहीत होतं."

"मग सांगायचं नाही का?"

"जावई बोलत नसतात. हौसेनं ऐकतात."

ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. त्या घरात स्वतःच्या हातानं कोणाला पाणी दिल्याची ती माझी पहिलीच वेळ असावी.

दुसरा दिवस पोटाचा, तिसरा बुडाचा, मग कड्या. रोज एकच काम, रोज पुरं. घंगाळ वऱ्हाडाबरोबर देवळ्याला गेलं. तिथं यमूच्या सासऱ्यांची आई, पार वाकलेली म्हातारी, मांडवात घंगाळाजवळ येऊन बसली. तिनं गळ्यावर अंगठा टेकवला आणि डोळे मिटून हळूहळू फिरवत नेला. मामा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. म्हातारीचा अंगठा फिरून जिथून निघाला तिथं आला. "एकच हात शे," ती अहिराणीत म्हणाली. "बापना हात शे." यमू तेव्हा पहिल्यांदा मोकळं हसली.

परतल्यावर मला वाटलं, आता पुन्हा ये रे माझ्या मागल्या. सकाळी कारखान्यात गेलो तर शिडी आत आलेली. झालं, म्हटलं. पण खाली दोनच पत्रे होते. एक दाराकडं, मामांच्या बैठकीसमोर. एक भिंतीकडं, तात्यांच्या जागी.

"तो भिंतीकडचा कोणाचा?" मी विचारलं.

"तुमचा," मामा माझ्याकडं न बघता म्हणाले. "आज एवढं करा."

मला रागच आला. एक तर नेमून दिलं म्हणून, आणि दुसरं म्हणजे माझा पत्रा त्यांच्या पत्र्यापेक्षा लहान होता म्हणून. पण मी बसलो. समोरासमोर. कासमचाचांची भट्टी त्या दिवसापासून रोज पेटत राहिली आणि रोज तिला भांडं मिळत गेलं. ती अर्धवट भांडीही एकेक करून संपली. चुन्याची डबी ठेवायला जागा उरली नाही, म्हणून मामा ती खिशात ठेवू लागले आणि सदऱ्यांचे खिसे पांढरे करू लागले. घाणेरडा माणूस, शेवटपर्यंत घाणेरडा.

पुढं यमूला मुलगा झाला. आजोळची लोटीसुद्धा आमच्याकडं आजोबांच्या हातची लागते. मामांना तेव्हा धाप लागत होती. ओट्यावर यायचे ते भिंत धरून. त्या सकाळी त्यांनी आळीकडं बघून सांगितलं, "आज बाळाची लोटी." आवाज पूर्वीसारखा नव्हता, पण आळी गप्प झाली आणि ऐकू गेलं. मूठभर लोटी. माझ्यासारख्यानं जेवणाआधी केली असती. मामांनी आपला हात ओळखून दिवस लावला होता: सकाळी पोट, जरा पडायचं, दुपारी खांदा, जरा पडायचं, ऊन उतरल्यावर गळ्याचे दोन फेर. बरोबर तसंच करत आणलं. शेवटचा एक फेर राहिला. त्यासाठी त्यांनी लोटी पुन्हा ठोकायच्या लोखंडी दांड्यावर अडकवली, हातोडी उचलली, माझ्याकडं बघून म्हणाले, "झालीच," आणि भिंतीला टेकले. मला वाटलं, दम घेतायत.

तेरावं झाल्यावर मी लोटी घेऊन बसलो. आळीतले दोघं-तिघं म्हणाले, सगळा मठार घासून काढ आणि तू नव्यानं एका हाताचा कर, चांगली दिसेल. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. रीत काय सांगते? दोन हातांचा मठार कधी, तर बाप काम मध्येच टाकून गेला तेव्हा. आता तो गेला होता. आता हात लावायचा अधिकार माझा होता. मी शेवटचा फेर घातला, एका बैठकीत, आणि त्यांच्या हाताची नक्कल केली नाही. करता आलीही असती.

आता आळीत स्टीलची दुकानं आहेत. आमची नातवंडं सकाळी उठून आज काय काय करणार ते सांगतात आणि संध्याकाळी लोळत पडलेली असतात. मी त्यांना म्हणतो, देवळ्याला जा, यमूआजीकडं ती लोटी आहे, तिच्यावर अंगठा फिरवून या. गळ्याशी एक जागा लागेल. एकाचा हात तिथं थांबतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो. पसारामामांनी जन्मभर दिवसाचा अंदाज चुकवला, हे आळी अजून सांगते. पण त्या दिवशी त्यांचा अंदाज बरोबर होता. दिवसच एक फेर कमी पडला.